ओढ्यापाशी थांबलेली मंडळी

लातूरच्या एसटी स्टँडवर उतरले तेव्हा एक पेंटर शिडीवर चढून पाटीवरचं 'जि. उस्मानाबाद' खरवडत होता. जिल्हा नवा झाला होता, त्याची हवा गावभर होती. मी खालून विचारलं, "अहो, चाकूरची गाडी कुठे लागते?" त्याने वरून माझी छत्री, चष्मा आणि खांद्यावरची पर्स पाहिली आणि ब्रशनेच दिशा दाखवली. "कलेक्टर हापिस ना? सरळ जावा." मी म्हटलं, चाकूर हो, चाकूर. तो म्हणाला, "हाव हाव, समदे तिकडंच जायलेत." रिक्षावाल्यानेही तेच केलं. परगावची शिकलेली बाई दिसली की ती नव्या जिल्ह्याच्या कचेरीतच आली असणार, अशी त्या गावाची ठाम समजूत झालेली. भाड्याच्या घरात थाटलेल्या त्या कचेरीच्या दारात उतरून, शिपायाला माझं काही काम नाही हे पटवून, मी उन्हातान्हाची स्टँडवर परत आले तोवर चाकूरची गाडी निघून गेली होती.

आता मी तिथे गेले कशाला, ते सांगते. तुम्ही नगरकर मला ओळखता. शाळेत मराठी शिकवते, आणि घाईत असते. हे गेल्यापासून मे महिन्याची सुट्टी मला खायला उठते. त्यात योहानमामांचा निरोप आला, डोळे चाललेत, येऊन जा. मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. चाकूरपासून कोसभर आत एका वाडीत आपल्या ख्रिस्ती लोकांची थोडी घरं आहेत, त्यांची उपासना मामा चालवतात. पाळक नाहीत, पगार नाही. पवित्र शास्त्र वाचून दाखवतात, एवढंच. त्यांच्या डोळ्यांचा पडदा मधोमध खराब होत चालला होता. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलेलं.

पुढची गाडी मिळाली ती गच्च भरलेली. खिडकीतून दिसणारा मुलूख बघवत नव्हता. माळावर नुसता दगड, बाभळींवर धूळ, आणि प्रत्येक गावाच्या तोंडाशी घागरींची रांग. माणसं सावलीत बसलेली आणि घागरी उन्हात. शेजारच्या बाईने विचारलं, "कुणाकडं?" मी वाडीचं नाव सांगितलं. "तितं पानी हाय का?" मी म्हटलं, माहीत नाही. "मग कामून (कशाला) जाताव माय?" मी तिला नगरहून आणलेली बिस्किटं दिली.

मामा उंबऱ्यावर बसले होते. मी "सलाम, मामा" म्हटलं तसे उठले.

"इस्तर? लई वाळलीस की गं!"

"दिसतंय तुम्हाला?"

"आवाज वाळलाय," मामा म्हणाले.

मामी जाऊन बरीच वर्षं झाली. स्वयंपाक मामाच करतात. त्या दिवशी त्यांनी येसर (भाजलेल्या धान्या-मसाल्याचं पीठ) लावून आमटी केली होती, आणि भाकरी शेजारून आली होती. पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला आणि स्वतःला अर्धंच भांडं घेतलं. मी तोंड धुवायला पाणी मागणार होते, ते गिळलं. जेवता जेवता मी माझी योजना सांगितली. रोज सकाळ-संध्याकाळ तुम्हाला शास्त्र वाचून दाखवते. महिन्याभरात मोठा भाग उरकू. घरी मी वर्षाला अख्खं शास्त्र संपवते, भिंतीवर तक्ता आहे, वाचून झालं की खूण करते.

मामांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "उरकून कुठं जायचंय?"

मला वाटलं, म्हातारपणी माणूस असंच काहीबाही बोलतं.

रविवारी उपासना होती. पत्र्याची एक खोली, तिच्या शेजारी विहीर. मंडळीने स्वतः खणलेली ती विहीर, वर्षानुवर्षं वाडीला पुरलेली, आता तळाशी तडकलेला चिखल दाखवत होती. खोलीत माणसं मोजकीच, बाकीचे कामाला साखर कारखान्यांकडे गेलेले. मामांनी दारातल्या उजेडात पुस्तक नाकाला लावून एक ओळ वाचली. त्या संदेष्ट्याची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. दुष्काळात देव त्याला ओढ्याकाठी जाऊन राहायला सांगतो, कावळे त्याला भाकरी आणून देतात, आणि काही दिवसांनी तो ओढाच आटतो. ओढा आटल्याची एवढीच ओळ. मग सगळे गप्प. मामांनी पुन्हा तीच ओळ वाचली. पुन्हा गप्प. तिसऱ्यांदा वाचली. एक म्हातारा जबडा हलवत बसला होता, मला वाटलं सुपारी आहे, पण तोंडात काही नव्हतं. तो ओठांतल्या ओठांत ओळच घोळवत होता. मग एक गीत झालं आणि सगळे उठले. मी पुढच्या ओळीसाठी कान लावून बसलेली!

"मामा, उपदेश?"

"न्हाई."

"पुढची ओळ तरी?"

"पुढं जाता येत न्हाई. सरूबाईचं 'थांबा' हाय."

मग मामांनी मला त्यांच्याकडची रीत समजावली. त्यांना ज्या जुन्या उपदेशकाने शिकवलं त्याने ती घालून दिलेली. शास्त्र क्रमाने वाचायचं. वाचता वाचता एखाद्याला एखादी ओळ लागली तर त्याने "थांबा" म्हणायचं. मग मंडळी तिथेच थांबते. दर रविवारी तीच ओळ, तीनदा. अर्थ सांगायचा नाही, वाद घालायचा नाही. म्हैस चारा खाऊन झाल्यावर निवांत रवंथ करते, तसं बसून राहायचं, आणि मनात देवाशी जे बोलायचं ते बोलायचं. ज्याने "थांबा" म्हटलं त्याच्याच तोंडून "चला" आलं की पुढची ओळ. एरवी दोन-चार रविवारांत माणूस "चला" म्हणतं. सरूबाईने दिवाळीच्या सुमाराला "थांबा" म्हटलं, आणि दुसऱ्याच दिवशी गाव सोडून मुदखेडला लेकीकडे निघून गेली. तेव्हापासून मंडळी ओढ्यापाशी.

मला हसावं की रडावं कळेना. बाहेर माणसं घोटभर पाण्याला महाग झालेली आणि आत ही मंडळी दर रविवारी आटलेला ओढा चघळत बसलेली! पुढच्याच ओळींत देव त्याला दुसरीकडे पाठवतो, तिथे मडक्यातलं पीठ सरत नाही, तेल आटत नाही. भुकेल्याला ते ऐकवायचं सोडून हे काय? "तुम्ही वाचून टाका की," मी म्हटलं, "सरूबाई काय पोलीस पाठवणार आहे?"

मामा रागावले नाहीत. त्यांनी पुस्तक कापडात गुंडाळलं. "इस्तर, मला आता अक्षर कडंकडंनी दिसतं. मधी काळं. पुढचं पान मला माझ्या डोळ्यानं वाचायचं हाय, ते बी सरूबाईनं 'चला' म्हणल्यावर. तू मुदखेडला जाऊन ये. विचार तिला."

"ती का म्हणत नाही?"

"ते तीच सांगंल," मामा म्हणाले आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी मी निघाले. अहमदपूर, लोहा करत एसटी नांदेडला पोचली. वाटेत टायर पंक्चर झालं तेव्हा कंडक्टरने सगळ्यांना खाली उतरवलं आणि एका टपरीवर आम्ही सुशीला (चुरमुऱ्यांचा फोडणीचा पदार्थ) खाल्ली. चांगली होती, पण तिखट अशी, की पाणी मागावं लागेल आणि मागायची तर लाज. माझ्याबरोबर अख्खी गाडी नुसती हाय-हाय करत होती.

नांदेडात गोदावरी पुलावरून पाहिली. नदी म्हणजे मधूनमधून डबकी. गाडीला वेळ होता म्हणून डोकं पदराने झाकून गुरुद्वारात जाऊन आले. सावली थंड होती, पाणी मिळालं, आणि पंगतीत बसवून डाळ-रोटी वाढली. आत ग्रंथवाचन चाललं होतं. शेजारच्या वृद्ध सरदारजींना मी विचारलं, हे केव्हा संपतं? ते म्हणाले, अखंड पाठ असला की मध्ये थांबत नाहीत, एक वाचणारा उठतो तेव्हा दुसरा बसलेला असतो. माझ्या डोक्याचा पार गोंधळ झाला. इथे वाचन थांबू देत नाहीत, आणि माझ्या मामांकडे पुढे जाऊ देत नाहीत. दोन्हीकडे माणसं सारखीच शांत बसलेली. आणि वर्षाला अख्खं शास्त्र संपवणारी मी, मला मात्र मांडी घालून बसायलाही जमत नव्हतं, सारखं घड्याळाकडे लक्ष.

त्या घड्याळानेच घात केला. स्टेशनात धावतपळत शिरले, समोर पॅसेंजर सुटत होती, तिच्यात चढले. बऱ्याच वेळाने चहाची किटली घेतलेले एक चाचा डब्यात आले. मी विचारलं, "मुदखेड किती लांब?" त्यांनी किटली खालीच ठेवली. "या अल्ला! बाजी, मुदखेडकू जाना था तो इसमें कायकू बैठे? ये तो पूर्णेकू चली!" म्हणजे मी नेमकी उलट्या दिशेने चालले होते. लिंबगावला त्यांनीच माझी पिशवी उतरवून दिली, चहाचे पैसे घेतले नाहीत, आणि गाडी हलल्यावर दारातून ओरडले, "अब्बी उठना नै! सामने से गाडी आयेगी, तब उठना!" उन्हात त्या स्टेशनाच्या बाकावर मी बसून राहिले. कुठे चाललेय, कुणासाठी, एका बाईने एक शब्द म्हणावा म्हणून? मला माझीच कीव आली आणि थोडं रडूही आलं. हे असते तर म्हणाले असते, "टीचर, पाटी वाचून चढावं." गाडी सामने से आली तेव्हा मी उठले.

मुदखेड म्हणजे जंक्शन. कोळशाच्या इंजिनात पाणी भरायला तिथे सोंडेसारखा मोठा नळ आहे. इंजिन पाणी पिऊन गेलं की त्या सोंडेतून बराच वेळ धार गळत राहते, आणि ती झेलायला बायकांची रांग. सरूबाई तिथेच भेटेल असं तिच्या लेकीने सांगितलं. रांगेत हिरव्या लुगड्यातली एक उंच, काटक म्हातारी होती.

"तुम्ही सरूबाई का?"

"हाव. तुमी कोन?"

"योहानमामांची भाची. नगरहून आले."

तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि कळशी रांगेत पुढे सरकवली. "सोता न्हाई आला."

"त्यांना दिसत नाही हो आता. डोळे चाललेत."

"कळलंय मला. लई वाईट झालं." मग म्हणाली, "पर योहानदादाला डोळे मिटल्यावर बी लई दिसतंय."

याचा अर्थ मला लागला नाही. तिची कळशी भरेपर्यंत मी उभी राहिले. मग आम्ही मालधक्क्याच्या सावलीत बसलो आणि तिने सांगितलं.

वाडीतल्या विहिरीची जागा तिनेच दाखवली होती. मंडळीच्या सांगण्यावरून उपास करून, प्रार्थना करून. पाणी लागलं तेव्हा सगळ्यांनी तिला डोक्यावर घेतलं. गेल्या पावसाळ्यात पाऊस आला नाही आणि विहीर आटली.

"त्या ऐतवारी समदे डोळे मिटून बसलेले. योहानदादा प्रार्थना करू लागला. म्हणला, देवा, आमच्यातल्या कुणाच्या पोटात पाप लपलं आसंल, ज्याच्यापायी तू झरा बंद केलास, तर ते तू उघड्यावर आण. समद्यांनी आमेन म्हणलं. मी बी म्हणलं. म्हणून झाल्यावर कळलं, ते माझ्यावरच म्हणलं."

"त्यांनी तुमचं नाव घेतलं?"

"नाव कशाला घ्यावं लागतंय? जागा कुणी दावली ते देवाला ठावं, मंडळीला ठावं."

मी खाली मान घातली. तुम्हीही घालाल. आपल्यात ही खोड घरोघरी आहे. समोरच्याला तोंडावर बोलायची छाती नसली की आपण डोळे मिटतो आणि देवाला ऐकवतो. माझ्या सासूबाई भाजीतल्या मिठाबद्दलसुद्धा जेवणाआधीच्या प्रार्थनेत बोलायच्या. आणि प्रार्थनेला उलटून कोण बोलणार? आमेन म्हणण्यावाचून इलाज नसतो.

"फुडल्या ऐतवारी वाचण्यात तो वढा आला," सरूबाई म्हणाली. "माझ्या अंगावर काटा आला बगा. देवानं दावलेल्या जागंवर बसला होता तो. तरी आटला! मी म्हणलं, थांबा."

"पण पुढे तर..."

"फुडं पीठ हाय, तेल हाय, ठावं हाय मला. समद्यांना पिठाची घाई. वढ्यापाशी कुणी बसंना. वढा कामून आटला, ते त्याच वळीत लिव्हलंय. तुमी ऐकलं ना ऐतवारी? सांगा, काय लिव्हलंय?"

तीन वेळा ऐकलेली ओळ, आणि दरवर्षी खूण करून पुढे गेलेली. मला फक्त 'आटला' आठवत होतं.

"पाऊस पडला न्हाई म्हणून," सरूबाई म्हणाली. "एवढंच कारण लिव्हलंय. मानसाचं नाव न्हाई, पापाचं नाव न्हाई. योहानदादा दर ऐतवारी तोंडानं वाचतोय, कानानं ऐकंना. मी जाऊन सांगितलं तर म्हणतील, सरू सोताची बाजू मांडून राहिली. म्हणून म्हणलं, मंडळीला तितंच बसू द्या. कधीतरी ऐकू येईल." तिने कळशी डोक्यावर घेतली. "अजून आलं न्हाई. 'चला' कसं म्हणू? खोटं म्हणू?"

परतीच्या एसटीत मला काही सुधरेना. मामा माझे. लहानपणी खांद्यावर बसवून जत्रा दाखवणारे. नजर जात चाललेल्या म्हाताऱ्याला जाऊन सांगायचं, की तुम्हीच वाट अडवून बसला आहात? आणि नाही सांगितलं तर त्या बाईचं काय? गाव सुटलं, मंडळी सुटली, परक्या स्टेशनात गळक्या नळाखाली उभी आहे. लोह्यापर्यंत मी सांगायचं ठरवलं, अहमदपूरपर्यंत नाही सांगायचं ठरवलं. वाडीत पोचल्यावर मामांनी नुसतं "म्हणली का?" विचारलं आणि मी सगळं भडाभडा सांगून टाकलं.

मामा ऐकत राहिले. चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत बसले. त्या चष्म्याचा त्यांना आता काही उपयोग नव्हता. बराच वेळ पुसला.

"आमेन तीबी म्हणली होती," ते म्हणाले. "मी ऐकलं होतं तिचं आमेन."

त्यानंतर रविवारपर्यंत माझ्याशी जेवणापुरतंच बोलले. मी घाबरले होते. तक्त्याप्रमाणे वाचन तर केव्हाच बारगळलं होतं.

रविवारी त्यांनी ओळ वाचली. तीनदा नाही, एकदाच. आणि पाऊस पडला नाही म्हणून, हे शब्द त्यांनी सावकाश, सुटे सुटे वाचले. लोकांनी सवयीने डोळे मिटले.

"डोळे उघडा," मामा म्हणाले. "हे प्रार्थनेत न्हाई सांगत मी. देवाशी न्हाई, तुमच्याशी बोलून राहिलो." सगळे दचकून बघायला लागले. "विहीर आटली ती पाऊस न्हाई म्हणून. सरूबाईचं काही चुकलं नव्हतं. मी त्या दिवशी देवाच्या आडून तिला दगड मारला आणि तुमाला आमेन म्हणाया लावलं. चुकलं माझं." घाम पुसावा तसे त्यांनी डोळे पुसले. मग बोट ओळीवर ठेवून म्हणाले, "थांबा."

एकच गलका झाला. वाचणाऱ्याने "थांबा" म्हणायचं अशी कुठे रीत आहे? जबडा हलवणारा म्हातारा म्हणाला, "योहाना, आधीच एक 'थांबा' हाय! दोन कुलपं लावतोस व्हय दाराला?" मलाही राहवलं नाही. मी मामांच्या कानाशी म्हटलं, "अहो, तुम्हाला पुढचं पान वाचायचं होतं ना? डोळे आहेत तोवर?"

"व्हय," मामा म्हणाले. "पर आत्ता कुठं ही वळ वाचली."

वाडीतला एक जण कामासाठी नांदेडकडे निघाला होता, त्याच्याबरोबर बातमी मुदखेडला गेली. माझी सुट्टी संपत आली. आभाळ कोरडंच. शेवटच्या रविवारी मी मामांच्या कपड्यांची घडी घालत होते तेव्हा विहिरीपाशी कुणी उभं दिसलं. हिरवं लुगडं, काखेत बोचकं. सरूबाई विहिरीत वाकून बघत होती. कितीतरी वेळ बघितलं, मग खोलीत येऊन आपल्या नेहमीच्या जागी बसली. कुणी सरकून जागा दिली नाही, कारण ती जागा रिकामीच ठेवलेली होती.

"आलीस?" मामांनी विचारलं. त्यांना नुसती सावली दिसली असणार.

"आलाव," सरूबाई म्हणाली. "वाच."

मामांनी ओळ वाचली. सगळे गप्प बसले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मीही बसले. सरूबाईने डोळे मिटले नव्हते. ती मामांकडे बघत होती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "चला." मग सगळी मंडळी मामांकडे वळली. "चला," ते म्हणाले आणि हसले, आणि हसता हसता रडले. त्या खोलीत एवढा आनंद झाला की कुणाला वाटावं पाऊस आला.

मामा दारातल्या उजेडात गेले. मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेने अक्षरं धरत, एकेक शब्द वेचून त्यांनी पुढची ओळ वाचली. देव संदेष्ट्याला म्हणतो, ऊठ, त्या अमुक गावी जा, तिथल्या एका विधवेला मी तुझी सोय करायला सांगून ठेवलं आहे. मी ही ओळ दरवर्षी वाचते. पुढे काय होतं तेही मला पाठ आहे. तो जातो तेव्हा ती बाई काटक्या वेचत असते आणि म्हणते, घरात मूठभर पीठ उरलंय, ते खाऊन आम्ही मायलेक मरणार. म्हणजे तिला तर कुणी काही सांगितलेलंच नाही! देव म्हणतो सांगून ठेवलंय, आणि तिला पत्ता नाही. लिंबगावच्या बाकावर उन्हात रडत बसलेली मी मला दिसली. मीही विधवाच, आणि मलाही कुणी काही सांगितलं नव्हतं.

"थांबा," असा आवाज आला. तो माझा होता.

मग सरूबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली आणि सगळी खोली हसली. "झालं!" म्हातारा म्हणाला. "सुटलो म्हणावं तर नगरची बाई अडकली!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्या माझी गाडी, आणि पुन्हा येणार ते दिवाळीत. तोवर मामांची नजर? मी घाईघाईने म्हटलं, "नाही नाही, चुकून आलं तोंडून. चला, चला म्हणते मी!"

सरूबाईने माझा हात धरला. "खोटं म्हनू नगा माय."

मी मामांकडे पाहिलं. "मामा, तुमचं पीठ राहिलं."

"पीठ मला पाठ हाय," मामा म्हणाले. त्यांनी चाचपडत पुस्तक कापडात गुंडाळलं. "मला ही परत यायला पाहिजे होती. आली. तू दिवाळीला ये. तवा मला दिसत नसंल. तू 'चला' म्हण आणि तूच वाच, मी ऐकतो."

दुसऱ्या दिवशी सरूबाईने धपाटे बांधून दिले. लातूरच्या स्टँडवरची पाटी रंगवून झाली होती, नवं नाव लखलखत होतं. नगरला येऊन आता मला महिना झाला. भिंतीवरचा तक्ता सुट्टीला निघाले तेव्हापासून कोरा आहे. रोज संध्याकाळी दिवा लावते, ती एक ओळ वाचते आणि बसते. त्या विधवेला नेमकं काय सांगून ठेवलं होतं, आणि मला काय, ते मला अजून कळलेलं नाही. मामांच्या डोळ्यांची आठवण येते. आपल्या पाळकांना विचारलं, त्यांनी छान अर्थ सांगितला, तो मी विसरले. दिवाळीत मला "चला" म्हणता येईल की नाही, सांगता येत नाही. मी जाणार आहे. चाकूरची गाडी कुठे लागते ते आता मला ठाऊक आहे.